दुपारी दमणारा उजेड

गोंदियालगतच्या फुलचूरमधल्या माझ्या दुकानाच्या पाटीवर 'एलईडी बल्ब, पंखे, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलेलं आहे. त्याखाली पेंटरने आपल्या मनाने 'गॅरंटी' हा एक शब्द जोडला. कशाची गॅरंटी, किती दिवसांची, काही नाही, नुसतीच गॅरंटी. मी तो पुसायला लावणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, "राहू दे व, चांगला दिसते." सासूबाईंना मी आई म्हणते, आणि आईंनी एकदा राहू दे म्हटलं की ते राहतं. त्या शब्दाने पुढे उन्हाळ्यात माझी झोप उडवली, पण पाटी लागली तेव्हा मी तिच्याकडे बघत रस्त्याच्या पलीकडे दहा मिनिटं उभी होते, हे कबूल करते.

माझं माहेर तुमसरकडचं. गोंदियात पॉलिटेक्निक केलं, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतला आणि लग्न करून इथंच राहिले. मला राग पटकन येतो आणि सावकाश जातो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. हुशारीचा तोराही थोडा आहे. थोडा म्हणजे, नवऱ्याला विचारलं तर तो वेगळं माप सांगेल.

आई मात्र शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. केशोरीकडच्या एका गावातून लग्न होऊन आल्या आणि आल्याच्या दुसऱ्या वर्षापासून शहराबाहेरच्या एका राईस मिलमध्ये कामाला लागल्या. आधी सूप घेऊन बायकांच्या ओळीत बसायचं आणि तांदळातले काळे-पिवळे दाणे वेचायचे, हे काम. पुढे मिलच्या शेठजींनी कुठूनतरी जुना सॉर्टर आणला. सॉर्टर म्हणजे कपाटाएवढं यंत्र. वरून तांदूळ उतरत्या पट्टीवरून सर्रकन खाली येतो, वाटेत त्याच्यावर पुढून-मागून उजेड पडतो, कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि जो काळपट दिसेल त्याला हवेची फुंकर मारून बाजूच्या पेटीत उडवतो. या पेटीला मिलमध्ये रिजेक्शन म्हणतात. सॉर्टर आल्यावर वेचणाऱ्या बायका दुसऱ्या कामांना लागल्या. आई राहिल्या, कारण यंत्राने निवडलेलं नीट आहे की नाही हे सांगायला नजर असलेलं कुणीतरी हवंच होतं. यंत्रासमोर एक प्लास्टिकची लाल खुर्ची ठेवली गेली आणि आई तिच्यावर बसल्या. पडद्यावरची प्लस आणि मायनसची बटणं त्यांनी आठवड्यात शिकून घेतली. प्लस दाबलं की यंत्र कडक होतं, जरासा डागही चालवून घेत नाही. मायनस दाबलं की ते सैल होतं. तासातासाला मूठभर तांदूळ काळ्या कापडावर पसरायचा, मान तिरपी करून बघायचा आणि बटण ठरवायचं. त्या खुर्चीचा आईंना केवढा अभिमान! पाहुणे आले की चहाबरोबर ती गोष्ट ठरलेली असायची.

माझं दुकान उघडून दोन महिने झाले होते, जानेवारी चालू होता, आणि सॉर्टरच्या आतले दिवे गेले. जुन्या पद्धतीच्या नळ्या, त्या आता मिळत नाहीत. आईंनी शेठजींना सांगितलं, "मायी सून करते हे." मी गेले, माप घेतलं, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरे एलईडी लावले आणि त्यांना एक साधा, चांगल्यापैकी ड्रायव्हर जोडला. ड्रायव्हर म्हणजे एलईडीला लागेल तेवढाच करंट मोजून देणारी डबी. ही डबी स्थिर करंटची होती. मिलमधली वीज वर-खाली झाली तरी एलईडीला जाणारा करंट तेवढाच. यंत्र सुरू झालं आणि तांदूळ असा पांढराशुभ्र पडायला लागला की शेठजींनी मूठ भरून हमालांना दाखवली. "देखो, बहू का काम!" त्यानंतर दोन मिलवाल्यांनी आणि एका हॉटेलवाल्याने मला बोलावलं. मी प्रत्येकाला शेठजींच्या सॉर्टरची गोष्ट ऐकवली. एकाला तर दोनदा ऐकवली.

एप्रिल संपता संपता, एका संध्याकाळी, आई मिलमधून आल्या आणि हातपाय न धुता ओट्यावर बसून राहिल्या. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, काही नाही. आईंचं काही नाही म्हणजे बरंच काही असतं. शेवटी मी मिलमधल्या मुनिमांना फोन करून काढून घेतलं. झालं होतं ते असं. चार-पाच दिवसांपूर्वी दुपारी नात्यातल्या लग्नासाठी आई तीनलाच निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू झालं ते सैल सेटिंगवर, त्यामुळे काळे दाणे चांगल्या तांदळात मिसळून पोत्यांत भरले गेले आणि घेणाऱ्याने तो माल परत पाठवला. शेठजी चिडले. सेटिंगला हात कुणी लावला? आई म्हणाल्या, मी. रोज दुपारी मी मायनस करते, संध्याकाळी परत प्लस करते, त्या दिवशी राहून गेलं. का करता? तर आई म्हणाल्या, "दुपारी मशीन थकते."

यावर सगळी मिल हसली म्हणे. शेठजी म्हणाले, "मावशी, मशीन नहीं थकती, आदमी थकता है. आपकी उम्र हो गई." त्यांनी रायपूरहून मेकॅनिक बोलावला. त्याने सकाळच्या गारव्यात सेटिंग लावलं आणि बटणांवर कागद ठेवून चिकटपट्टी मारली. कुणीही हात लावायचा नाही. त्या दिवशी दुपारी एकनंतर चांगला तांदूळ भसाभस रिजेक्शनमध्ये पडायला लागला. शेठजींनी अंदाज बांधला की आईंनी महिनाभर बटणं दाबून यंत्रच बिघडवलं आहे. आठ दिवसांनी रायपूरचा ऑपरेटर येणार आणि आईंनी पोती शिवायला बसायचं, असं ठरलं.

पोती शिवणं हे काही हलकं काम नाही, पण खुर्चीवरून उठवून तिथे बसवणं वेगळं. मी आईंना म्हटलं, "मी येते उद्या. बघते, मशीन कशी थकते ते." आई घाईने म्हणाल्या, "नोको व. तू तुया दुकान पाय." मी अर्थातच ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सॉर्टरच्या दिव्यांना मीटर लावला. करंट सातशे मिलिअँपिअर. फोनमधल्या उजेड मोजणाऱ्या ॲपने पट्टीवरचा उजेड मोजून लिहून ठेवला. दुपारी दोनला परत. मेचं ऊन, वर पत्रा, दिव्यांची पेटी धुळीमुळे काच लावून बंद केलेली. पेटीला हात लावला तर चटका बसला. मीटर बघितला. सातशे. एक आकडाही इकडचा तिकडे नाही. माझा ड्रायव्हर राजा होता राजा. मग फोनमधलं ॲप लावलं. उजेड सकाळपेक्षा जवळजवळ दहावा हिस्सा कमी होता.

हे मी शिकलेली होते, परीक्षेत लिहिलेलंही होतं. एलईडी तापला की त्याच करंटमध्ये उजेड कमी देतो. करंट स्थिर म्हणजे उजेड स्थिर नव्हे. साध्या डोळ्यांना तो फरक कळतसुद्धा नाही, पण कॅमेऱ्याला कळतो. उजेड उतरला की चांगला दाणाही त्याला काळपट दिसतो आणि तो बिचारा फुंकर मारत सुटतो. म्हणजे आई रोज दुपारी मायनस दाबून यंत्राला सांगत होत्या, बाबा, जरा समजून घे. मी जानेवारीत दिवे लावले होते, गोंदियाच्या थंडीत, आणि मेचा विचारच केला नव्हता. बिघाड आईंच्या बोटात नव्हता, माझ्या दिव्यांत होता.

आता इथे मी जे केलं ते लिहायला जड जातं. मी शेठजींच्या केबिनमध्ये गेले आणि हे सांगितलं नाही. "लाईट थोड़ी और अच्छी करके देखती हूँ, शेठजी," एवढंच म्हणाले. पाटीवरचा तो शब्द डोळ्यांपुढे होता. हॉटेलवाला होता, दोन मिलवाले होते. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं मनाला समजावलं. शेठजी म्हणाले, करो, आठ दिन हैं.

आणि घाईत माणूस जे करतं ते मी केलं. गोंदियाच्या बाजारात ओळखीच्या दुकानात गेले आणि विचारलं, तापमानाप्रमाणे करंट सांभाळून घेणारा ड्रायव्हर आहे का? दुकानदाराने लगेच डबा काढला. "मैडम, टेम्परेचर कंपेन्सेशन! टॉप मॉडल. एलईडी को कभी कुछ नहीं होगा." डब्यावर ते शब्द मोठ्या अक्षरांत होते, सोबत सेन्सरची वायर होती, माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसवला. दुपारी रिजेक्शनची पेटी आधीपेक्षा दुपटीने भरली. हमाल घमेली भरभरून चांगला तांदूळ उपसत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते, हे त्यांचे उपकार. शेठजी दारात आले, पेटीत बघितलं आणि परत गेले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आई खुर्चीवर बसून होत्या. चिकटपट्टी मारलेल्या बटणांपुढे, हात मांडीवर ठेवून. मला म्हणाल्या, "जेवली का तू?"

त्या संध्याकाळी मी घरी ओसरीत फोन घेऊन बसले आणि ड्रायव्हरच्या माहितीचा कागद उघडला. तो आधी उघडायला हवा होता, हे मला सांगायची गरज नाही. आई शेजारी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. कागदावर एक आलेख होता. मला नीट विचार करायचा होता म्हणून मी तो कॅलेंडरच्या मागच्या पानावर मोठा काढला. आडवी रेघ तापमानाची, उभी रेघ करंटची. आणि तिसरी रेघ, ड्रायव्हर काय करतो त्याची, ती सरळ चालत चालत पुढे धपकन खाली येत होती.

"हे का होय?" आईंनी विचारलं.

मी सांगितलं. इकडे गेलं की गरमी वाढते. ही रेघ खाली गेली म्हणजे दिव्याला करंट कमी मिळतो.

"गरमीत कमी?" आई म्हणाल्या. "गरमीत तो आधीच बारीक होते. त्याले अजून कमी देलं तर तो का करंल?"

मी कपाळाला हात लावला. दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याचा ड्रायव्हर एलईडीचा जीव वाचवणारा होता. दिवा तापला की करंट कमी करायचा, म्हणजे दिवा जळत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. रस्त्यावरच्या खांबासाठी उत्तम. तिथे थोडा उजेड कमी झाला तर कुणाचं काय अडतं? पण मला दिव्याचं आयुष्य नको होतं, तांदळावरचा उजेड सारखा हवा होता. शब्द तोच, काम उलटं. डब्यावरचा शब्द वाचून मी डबा उचलला होता आणि रेघ बघितलीच नव्हती.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. मी फोनवर नागपूरच्या एका विक्रेत्याची यादी उघडून एकेका ड्रायव्हरचा आलेख काढायची, आणि आई कैरी फोडता फोडता बघायच्या. "हा आडवाच चालते. नोको." तो साधा स्थिर करंटचा, माझा जानेवारीचा. "हा पडते. नोको." एकाची रेघ वर जात होती, पण त्याचे व्होल्ट माझ्या पट्टीला पुरणारे नव्हते. माझ्या पट्टीत एलईडी एकामागे एक असे जोडलेले, त्या सगळ्यांना मिळून जेवढे व्होल्ट लागतात तेवढे ड्रायव्हरला देता आले पाहिजेत, नाहीतर दिवे लागणारच नाहीत. तो बाद. एकाचे व्होल्ट जमत होते, पण रेघ वर जात जात कागदाबाहेर गेली होती.

"हा पायजे," आई म्हणाल्या. "हा चढते."

"हा नाही चालत, आई. हा थांबतच नाही. करंट वाढला की दिवा आणखी तापणार, तापला की हा आणखी करंट देणार, आणि एक दिवस सगळं जळून जाणार."

आईंनी मान हलवली. पुढचा आलेख काढला. ही रेघ हळूहळू वर गेली आणि एका ठिकाणी सपाट झाली.

"अन् इथं काऊन झोपली हे?"

"इथपर्यंतच द्यायचं, पुढं नाही. भूक लागली म्हणून वाढायचं, पण एका मापानंतर ताट उचलून घ्यायचं."

"मंग हाच घे," आई म्हणाल्या आणि कैरीची कोय बाजूला टाकली. चौथी शिकलेल्या बाईने पाऊण तासात ड्रायव्हर निवडला. डिप्लोमावालीने दुपारी हमालांसमोर तोंड लपवलं होतं. मला हसूच फुटलं, आणि आईही कारण न विचारता हसायला लागल्या. नवरा बाहेरून आला तेव्हा आम्ही दोघी कॅलेंडरच्या पानाकडे बघून हसतोय, असं त्याला दिसलं. त्याने मुकाट्याने आत जाऊन आपलं ताट वाढून घेतलं.

ड्रायव्हर नागपूरच्या बसने दोन दिवसांनी आला. सोबत तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर होता, तोच गरमी ओळखून ड्रायव्हरला खबर देणार. त्याची वायर मात्र आखूड. दिव्याच्या पट्टीपर्यंत ती पोचत नव्हती, म्हणून मी तो ड्रायव्हरच्या डबीवरच चिकटवला. दोन्ही एकाच यंत्रावर आहेत, एकच गरमी, काय फरक पडतो? सकाळी सगळं छान. मी दुकानात जाऊन दोन मिक्सर उघडले. तीन वाजता मुनिमांचा फोन. रिजेक्शन पुन्हा भरतंय.

स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. मिलमध्ये शिरले, सरळ सॉर्टरच्या मागे गेले आणि बघते तर माझी डबी दिसेना. तिच्यावर ओलं पोतं होतं. चांगलं चिंब, पाणी ठिबकणारं, दुहेरी घडी घातलेलं. मिलमध्ये पोत्यांना कमी नाही. मेमध्ये तिथे खिडक्यांवर ओली पोती, पाण्याच्या पिंपावर ओलं पोतं, मोटारीवर ओलं पोतं, शेठजींच्या मोटरसायकलच्या सीटवरसुद्धा ओलं पोतं. जे जे आपलं आणि महागाचं, त्यावर पोतं भिजवून टाकायचं ही तिथली रीत.

"हे कुणी केलं?" मी ओरडले.

"मी केली," आई खुर्चीवरून उठून आल्या. चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा. "तुयी डबी लय गरम झाली होती बापा. आता पाय, कशी थंडी आहे. दर घंट्याले पानी मारून राहिली मी."

मी रागाने लाल. पोत्याची कड उचलली, तर खाली मीच चिकटवलेला सेन्सर. सेन्सर ओल्या पोत्याखाली झाडाच्या सावलीत बसल्यासारखा गार होता आणि ड्रायव्हरला सांगत होता, बाहेर मस्त हवा आहे, काही वाढवायची गरज नाही. आणि काचेमागे दिवे भट्टीत भाजत होते. आईंनी डबी गार केली होती, पण डबीवर सेन्सर मी चिकटवला होता. गरमी जिथे आहे तिथे हात लावून बघायचा, हे माहीत असून मी आखूड वायरची सोय बघितली. राग कुणावर काढणार?

"काऊन, बिघडलं का काही?" आईंचा आवाज एकदम लहान झाला.

"तुमचं नाही बिघडलं, आई," मी म्हटलं आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि "अवं माय!" म्हणून अशा हसल्या की दोन हमाल काय झालं ते बघायला आले. ओलं पोतं त्यांनी स्वतः उचलून नेलं आणि मुनिमांच्या खुर्चीवर टाकलं. मी सेन्सरला लांब वायर जोडली, दिवे बंद करून काच काढली आणि तो दाणा एलईडीच्या पट्टीमागे, ॲल्युमिनियमला घट्ट टेकवून, गरमी वाहून नेणाऱ्या लेपात बसवला. जिथे दिव्याला ताप चढतो, बरोबर तिथे.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. रायपूरचा ऑपरेटर परवा येणार होता. सकाळी सातला यंत्र सुरू झालं. आईंनी काळ्या कापडावर मूठ पसरली, मान तिरपी केली आणि म्हणाल्या, ठीक. बाराला मूठ, ठीक. एक वाजला, पत्रा तापून कडकड वाजायला लागला. दोन वाजले. मी मीटर बघितला. सातशेचे सातशे पंच्याहत्तर झाले होते. हळूच, कुणाला न कळता, डबी वर चढली होती. फोनमधलं ॲप लावलं. उजेड सकाळी होता तेवढाच! मी आईंकडे बघितलं. त्यांच्या हातात मूठ होती, कापडावर तांदूळ होता, आणि त्या बघतच राहिल्या होत्या. मग त्यांनी रिजेक्शनच्या पेटीत हात घातला आणि ओंजळ माझ्यापुढे धरली. सगळे काळे, पिवळे, डागी दाणे. चांगला दाणा शोधून सापडेना. असे घाणेरडे दाणे बघून इतका आनंद मला कधी झाला नाही. हमाल येऊन पेटीत डोकावून जात होते. एकाने शिट्टी वाजवली. मुनीम आपल्या खुर्चीवरच्या ओल्या पोत्यावरून उठून आले आणि त्यांनीही बघितलं.

चारला शेठजी आले. त्यांनी ओंजळीतले दाणे बोटाने फिरवले आणि त्यांचा चेहरा उजळला. "वाह बेटा! कमाल कर दिया." चहा मागवला. मग आईंकडे वळून, हसत, म्हणजे त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणाले, "देखा मावशी? बिगाड़ने वाला हाथ हटा, तो मशीन कैसी चली!"

आई हसल्या. मान खाली घालून, पदर नीट करत हसल्या. ते हसणं मला सहन झालं नाही. पाटी गेली खड्ड्यात.

"शेठजी, बिगाड़ने वाला हाथ मेरा था," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "लाईट मेरी गलत थी. मैंने ठंड में लगाई, गर्मी का सोचा नहीं. दोपहर को वो कम हो जाती थी. आई ने सेटिंग नहीं बिगाड़ी. आज ये डिब्बी जो कर रही है ना, वो पूरा महीना आई उंगली से कर रही थीं. आपका चावल उन्होंने बचाया."

शेठजींनी माझ्याकडे बघितलं, आईंकडे बघितलं. मग पुढे होऊन बटणांवरची चिकटपट्टी नखाने उचकटली, पण ती एका फटक्यात निघेना, त्यांना दोन्ही हात लावावे लागले. "मैं रायपूर फोन कर देता हूँ," ते म्हणाले. "मावशी, आप बैठो. आपकी कुर्सी है." आणि मला म्हणाले, "चाय पी के जाना, बेटा. दूसरी मशीन भी देखनी है तेरे को." मी चहा प्यायले. इतका गोड चहा होता, तरी दोन कप प्यायले.

संध्याकाळी आईंना मागे बसवून निघाले. मला वाटलं, आई आता काहीतरी छान बोलतील. रेल्वेचं फाटक बंद होतं, मालगाडी जात होती, मी स्कूटर बंद केली. तेव्हा मागून आवाज आला, चांगला कडक.

"कायले सांगितलीस शेठले?"

"काय?"

"का तुया लाईट खराब होता मनून. कायले सांगितलीस? मायावर होता ना आळ? मायावरच राहू द्याचा होता."

मी मान वळवली. त्या खरोखर रागावल्या होत्या. "आई, तुमची खुर्ची जाणार होती."

"जात होती तर जात होती. पोते शिवले असते. हात आहेत ना मले? तुये दुकान नवीन आहे. लोकं का म्हनतील?"

आणि तेव्हा मला एकदम कळलं. "तुम्हाला माहीत होतं? लाईटचं आहे, हे?"

"हाव. मले का डोरे नाही? ऊन पडलं अन् पयल्याच दिवशी दुपारी उजेड उतरला. मले दिसलं ना. मनलं, तुया लाईट आहे, कोनाले सांगू नोको, मायनस करून सांभारून घेऊ."

"मला तरी सांगायचं ना! मी तेव्हाच बदलला असता."

मालगाडीचे डबे जातच होते. मग आई म्हणाल्या, आणि आता आवाजात राग नव्हता, "तू तवा रोज मले सांगत होती, आज हा गिऱ्हाईक आला, आज तो आला, शेठच्या मशीनचं नाव सांगितलं. एवढी खुश होती तू. मी मनलं, पानी पडला का गरमी उतरंल, उजेड आपोआप ठीक होईल. तवर मी सांभारतो."

पाऊस तेव्हा दोन महिने तरी लांब होता. तेवढे दोन महिने त्या रोज दुपारी, पत्र्याखाली, एक बोट बटणावर ठेवून बसणार होत्या, सगळ्या मिलचं हसू झेलणार होत्या, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या नव्या गिऱ्हाइकाची गोष्ट ऐकणार होत्या. मला कधीच कळू देणार नव्हत्या. मी भर रस्त्यात, फाटकाशी, हँडल धरून रडायला लागले. शेजारचा ट्रॅक्टरवाला बघत होता, तरी रडले. मागून आईंनी माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"रडून कायले राहिली व? चाल, फाटक उघडलं."